अतिरिक्तपदी निवड झाल्याबद्दल

मी कंपास बोलतोय. तुमच्या कंपासपेटीत पेन्सिलीला चिकटून झोपणारा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास हरवणारा तो नव्हे. मी फळ्यावरचा कंपास. सागवानी, हातभर लांब पायांचा. एका पायाला लोखंडी टोक, दुसऱ्याला खडू धरायची पितळी पकड. आटपाडीच्या बाजूला माळावर एक सरकारी हायस्कूल आहे, पाचवी ते दहावी. तिथल्या दहावीच्या वर्गात, फळ्याशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो.

कागदावर विचाराल तर मी या जगातच नाही. ते कसं, ते पुढे येईलच. पण आधी एक सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. तुटकी छत्री, फाटकं पुस्तक, पडका पूल अशांची रडगाणी तुम्ही शाळेत पुष्कळ लिहिलीत आणि त्यांना मार्कही मिळवलेत. मला तुमची दया नको. ऐकून घेतलंत तरी पुरे.

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या वखारींच्या मागच्या गल्लीत सिकंदर मिस्त्रींचं दुकान होतं. दारं, खिडक्या, देवघरं, पाळणे असं सगळं ते करायचे, आणि उरलेल्या सागाच्या फळ्यांतून शाळांसाठी गुण्या, कोनमापक आणि माझ्यासारखे कंपास. गल्लीतली हळद माझ्या अंगात इतकी मुरली होती की पहिलं वर्षभर मला हातात घेणारा माणूस बोटांचा वास घेऊन बघायचा.

मला न्यायला आमच्या हायस्कूलचे गणिताचे मास्तर आले होते, जोतिबा खरात सर. मिस्त्रींनी मला कागदात गुंडाळून दिलं नाही. आधी दुकानाच्या भिंतीवर खडूनं एक मोठा गोल काढून दाखवला.

"सर, फिरवताना अंगठा हितं दाबून धरायचा," मिस्त्री म्हणाले. "अंगठा सुटला की पाय घसरतोय, आन् मग गोलाची टोकं मिळत न्हाईत. पोरं म्हणत्यात, मिस्त्रीनं फसवलं."

"पोरांना तुमचं नाव सांगणारच नाही," सर हसून म्हणाले.

"सांगा की. गोल बरा आला तर सांगा."

सरांनी ते मनावर घेतलं. पुढे दरवर्षी वर्तुळाचा धडा आला की ते पहिला गोल काढायचे आणि म्हणायचे, "हा सांगलीच्या सिकंदर मिस्त्रींचा गोल." पोरांना वाटायचं, सिकंदर मिस्त्री म्हणजे कुणीतरी जुना गणितज्ञ असणार. एकानं तर परीक्षेत तसं लिहिलंही होतं.

खरात सरांचा काळ माझा सुखाचा काळ. आमच्या भागातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी माणसं पार कोईमतूर, अमृतसरपर्यंत जातात. मेंढपाळांची घरं दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. त्यामुळे आमच्या वर्गात कोण कधी असेल आणि कधी नसेल, याचा काही नेम नाही. मध्येच गेलेलं पोर मध्येच परत यायचं आणि मागच्या बाकावर गप्प बसायचं. सर त्याला काही विचारायचे नाहीत. शाळा सुटल्यावर मला खांद्यावर टाकायचे आणि त्या पोराला लिंबाखाली बसवून मातीतच गोल काढायचे. माझं टोक मातीनं बोथट व्हायचं, पण त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

मग सर निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. आणि त्यांच्या जागी आला एक शब्द. रिक्त.

हा शब्द मी नंतर इतक्यांदा ऐकला की मला वाटायला लागलं, रिक्त हे नव्या सरांचं आडनाव असावं. गणित, रिक्त. मग शिपाईमामा गेले, तिथं रिक्त. क्लार्कची बदली झाली, तिथंही रिक्त. मुख्याध्यापकांची जागा तर आधीपासूनच रिक्त. तिचा भार लालासाहेब सरांकडे. त्यांचा खरा विषय इंग्रजी, पण ते घंटा वाजवायचे, दाखले लिहायचे, कॉम्प्युटरवर माहिती भरायचे, संडासाचं कुलूप उघडायचे आणि उरलेल्या वेळात इंग्रजी शिकवायचे. कोणताही प्रश्न विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "वरून आलंय." शिकवणीचे दिवस सोडून पोरांचं आधार कार्ड कसलं तपासताय? वरून आलंय. बाई आज वर्गात का नाहीत? वरून आलंय. माणूस वाईट नव्हता हो. पण मान वर करून बघण्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

गणिताचे तास मग 'सांभाळले' जाऊ लागले. हा खास आमच्या शाळांतला शब्द आहे. ज्याचा तास रिकामा असेल तो शिक्षक वर्गावर येतो, खुर्चीवर बसतो, "गप्प बसा, आपापलं काहीतरी वाचा" म्हणतो आणि आपल्या वह्या तपासतो. त्याला तास सांभाळणं म्हणतात. कधी मराठीच्या बाई सांभाळायच्या, कधी खेळाचे सर.

त्या वर्षांत माझ्यावर काय वेळ आली, विचारू नका. पत्र्यावर गेलेला चेंडू काढायला मी. खिडकी आपटू नये म्हणून फटीत मी. चिंचा पाडायला मी. एकदा गॅदरिंगच्या नाटकात मला पाय फाकवून उभं केलं आणि वर पागोटं ठेवलं. मी पाटलाचा नोकर झालो होतो. संवाद एकही नव्हता.

आणि मग एक दिवस शाळेच्या जडसंग्रहाची तपासणी झाली. जडसंग्रह म्हणजे शाळेतल्या बाकं, कपाटं, घंटा अशा सगळ्या वस्तू. तपासायला आलेल्या माणसानं मला उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे कोण वापरतं?" लालासाहेब सर खरं तेच बोलले, "सध्या कुणी नाही." झालं, माझ्या नावापुढे शेरा पडला, निर्लेखित. याचा अर्थ, ही वस्तू आता नाही असं समजावं. त्यांनी मोडका म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी मोडलेलो नव्हतो. मला फिरवायला माणूस नव्हता, एवढंच. पण माणूस नाही हे लिहायला त्या कागदात जागाच नसते.

निर्लेखित झालेलं लाकूड कुठे जातं? खिचडीच्या शेडमध्ये. तिथं बनुबाई पोरांसाठी पोषण आहार शिजवायच्या. त्यांचा गॅस संपला होता, तांदूळ वैरून झाला होता, आणि त्यांनी मोडक्या बाकाच्या फळ्यांबरोबर मलाही चुलीत सारलं. माझा एक पाय पेटला. मी सागाचा, लवकर जळत नाही, म्हणून तर आज बोलतोय.

त्याच दिवशी पूजा सिसाळ मॅडम हजर झाल्या होत्या. पलूसच्या. घरी ऊस, भाऊ फौजेत, आणि ही मुलगी गणितात पदवी घेऊन आमच्या माळावर नेमणुकीला आलेली. हात धुवायला म्हणून त्या शेडकडे आल्या.

"मावशी, हे काय जाळताय?"

"मोडकं लाकूड हाय बाई. सरांनी दिलंय."

"अहो, हा कंपास आहे."

"आसंल. माझ्या चुलीला काय म्हाईत," बनुबाई म्हणाल्या.

मॅडमनी सरळ हात घातला आणि मला ओढून काढलं. नळाखाली धरलं. माझा एक पाय अजून काळा आहे. नवीन पोरं विचारतात, हा असा का, तेव्हा जुनी पोरं सांगतात, ह्यो चुलीतनं परत आलाय.

त्या दुपारी नववीच्या वर्गात मॅडमनी मला फळ्यावर टेकवलं आणि फिरवलं. पाय घसरला. गोलाची टोकं एकमेकांना चुकवून निघून गेली. वर्गात खसखस पिकली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, अंगठा दाबून धरा. आमचा आबा म्हणतोय, खरात सर अंगठा दाबत हुतं." हा धुळा. मेंढपाळाच्या घरचा. याचा बाप लिंबाखाली माझ्याच गोलावर शिकलेला.

मॅडमनी अंगठा दाबला. टोकाला टोक मिळालं. मला रडू आलं असतं, पण मी आधीच सांगितलंय की रडणार नाही.

मॅडमचे तास कसे असायचे हे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की पोरं गणिताच्या तासाला पाणी प्यायला जायला विसरली. आणि तास संपला तरी मॅडमचं काम संपायचं नाही. पोरांचं मन सांभाळायला समुपदेशक नावाचं एक पद असतं म्हणे. आमच्याकडे त्याचं फक्त पोस्टर आहे, मुतारीच्या भिंतीवर. त्यामुळे ते कामही गणिताकडेच आलं.

बनुबाईंची नात सृष्टी त्या वेळी नववीत होती. आईबाप कोईमतूरला गलाईत, पोरगी आजीपाशी. एका दिवाळीत आईबाप येऊन गेले आणि ती बोलायचीच बंद झाली. उत्तर येत असलं तरी मान खाली. मॅडमनी तिला काही विचारलं नाही. रोज शाळा सुटली की मला तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "उद्याच्या आकृत्या काढून ठेव, माझा हात दुखतो." मॅडमचा हात कधीच दुखत नव्हता. सृष्टी आकृत्या काढायची. एका संध्याकाळी गोल काढता काढता तीच म्हणाली, "मॅडम, पप्पा म्हणत्यात तिकडं चल. तिकडं शाळा मोठी हाय."

"तुला जायचंय?"

"न्हाई. तिकडं सगळं तमिळमधी हाय. आन् आज्जी हितंच हाय."

मग मॅडमनी तिच्या वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी दहावीला गणितात आडकली तर पुढचं सगळं आडकलं. मागं कित्येक वर्सं तुमच्या शाळंत गणिताला मास्तर न्हवता. तुमी दहावीपतूर हायसा काय? हायसा तर ऱ्हाऊ दे तिला."

"मी आहे," मॅडम म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी दिला तेव्हा मी टेबलावर होतो. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

सृष्टी, धुळा आणि महेजबीन यांचा वर्ग दहावीत गेला. धुळाच्या बापानं यंदा कळप नेताना त्याला मागं ठेवलं. महेजबीन ही वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तोंडाळ पोरगी. तिचा थोरला भाऊ मतीन आटपाडीत फ्लेक्स छापतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि एका दुपारी लालासाहेब सरांच्या खोलीत फोन वाजला. पूजा मॅडम त्या दिवशी निवडणुकीच्या कामाला गेल्या होत्या. बनुबाई चहा घेऊन आत चालल्या होत्या.

"होय साहेब," सर फोनवर म्हणत होते. "पूजा सिसाळ मॅडम अतिरिक्त झाल्या. होय. वरून आलंय म्हटल्यावर आपण काय."

बनुबाईंनी चहा ठेवला आणि पदर सावरत थेट गाव गाठलं.

आता बनुबाईंचं काय चुकलं सांगा. दुष्काळात गावात जनावरांची छावणी होती तेव्हा ती बघायला अतिरिक्त जिल्हाधिकारी आले होते. मागे-पुढे गाड्या, पोलीस, सगळं. जत्रेच्या बंदोबस्ताला अतिरिक्त पोलीस अधीक्षक आले होते. ज्याच्या नावामागे अतिरिक्त लागतं तो मोठा साहेब, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. "आपल्या बाई अतिरिक्त झाल्या," त्यांनी पारावर सांगितलं, "सत्कार कराया पायजे." पारावरच्या एकाही शहाण्याला शंका आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्कुटीवरून आल्या तेव्हा शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. मॅडमचा गॅदरिंगमधला फोटो, मागे मतीननं आपल्या मनानं टाकलेला उगवता सूर्य, आणि मोठ्या अक्षरांत: "आमच्या हायस्कूलच्या गणिताच्या लाडक्या मॅडम मा. पूजा सिसाळ यांची अतिरिक्तपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ व बनुबाई."

हलगी वाजायला लागली. लालासाहेब सर एसटीतून उतरले, फ्लेक्स वाचला आणि तिथंच थिजले. मॅडमना फोनवरून आदेश आधीच कळला होता. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, बनुबाईंच्या हातातल्या ओटीकडे बघितलं, आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. फेटा बांधून घेतला. शाल घेतली. मला वर्गातून आणून टेबलावर ठेवलं होतं, हारसुद्धा घातला होता. मग पोरं ओरडली, मॅडम बोला.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अतिरिक्त म्हणजे मोठं पद नाही. अतिरिक्त शिक्षक म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेला शिक्षक. या शाळेचा पट कमी भरला, म्हणून मी इथं जास्तीची ठरले. मला शिराळ्याकडच्या शाळेत जायला सांगितलंय."

हलगी मध्येच थांबली. मतीन फ्लेक्सकडे बघून घाम पुसायला लागला. सगळ्यांत आधी बनुबाई बोलल्या.

"जास्तीची म्हंजे? गणिताच्या बाई हितं हायत किती?"

"एकच," मॅडम म्हणाल्या.

"मग एकातनं जास्तीची कशी काढायची? माझ्या पातेल्यात एकच वगराळं हाय. ते जास्तीचं म्हणून नेलं तर मी खिचडी हातानं वाढू?"

सृष्टी मागं भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड मी बघितलं आणि मला कळलं की तिच्या डोक्यात कोईमतूरची गाडी सुटली आहे. तेवढ्यात महेजबीन पुढे आली.

"मॅडम, मराठीच्या तासाला आमाला फोड करायला शिकीवलंय. अति म्हंजे लय. रिक्त म्हंजे मोकळं. अतिरिक्त तुमी न्हाई. तुमी गेल्यावर जी हुईल ती आमची शाळा अतिरिक्त."

मराठीच्या बाई तिथंच होत्या. त्यांनी व्याकरण दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मतीन शिडी आणायला निघाला. "आज्जी, लय मोठी चूक झाली. फ्लेक्स उतरवतो."

"उतरवू नगंस," बनुबाई म्हणाल्या. "आमी अभिनंदन केलंय. न्हाई घ्यायचं माघारी. त्यापरीस दुसरा छाप."

दुसरा फ्लेक्स त्याच संध्याकाळी छापून झाला. त्यावर मॅडमचा फोटो नव्हता, शाळेचा होता. सूर्य होता, पण मतीननं तो मावळता टाकला. "आमच्या शाळेची अतिरिक्तपदी निवड होत असल्याबद्दल सर्व संबंधितांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, दहावीचा वर्ग."

दुसऱ्या दिवशी दहावीचा वर्ग शिक्षण खात्याच्या साहेबांच्या कचेरीच्या व्हरांड्यात भरला. पोरं टेम्पोतून गेली, बरोबर आईबाप, आज्या, आणि एक घडीचा फळा. घोषणा नव्हत्या. फ्लेक्स कंपाउंडच्या जाळीला बांधला आणि पोरं ओळीनं मांडी घालून बसली. मॅडम आल्या नव्हत्या. त्यांना यायला पोरांनीच मनाई केली होती. मी महेजबीनच्या मांडीवर होतो.

साहेब बाहेर आले. चष्मा, पिकलेल्या मिशा, हातात मोबाईल. त्यांनी फ्लेक्स दोनदा वाचला.

"हे बघा, नियम आहे. पटावर शिक्षक ठरतात. पट का कमी झाला ते तुम्ही पालकांनी सांगा."

"मास्तर न्हाई म्हणून पोरं गेली साहेब," बनुबाई म्हणाल्या. "आन् आता पोरं न्हाईत म्हणून मास्तर न्हेताय. ह्यो फेरा थांबायचा कवा?"

"तुमचं नुकसान होणार नाही. शाळेतले बाकीचे शिक्षक तास सांभाळतील."

धुळा उठून उभा राहिला. एरवी तो कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. "साहेब, सांभाळायला आमच्याकडं मेंढरं हायत. त्यास्नी चारापाणी दावलं की झालं. आमाला सांभाळू नगा. आमाला शिकवा."

महेजबीननं मला उचललं आणि साहेबांपुढे धरलं. "साहेब, आता गणिताचा तास हाय. वर्तुळाची स्पर्शिका चाललीया. मॅडम न्हाईत तर तुमी घ्या."

साहेबांनी मला हातात घेतलं. त्यांनी माझा काळा पाय चाचपला आणि मला परत दिलं. "बाळ, मी मराठीचा मास्तर होतो. माझं गणित कच्चं."

"मग मराठीचं सांगा. अतिरिक्त म्हंजे काय?"

"गरजेपेक्षा जास्त."

"कुणाच्या गरजेपेक्षा?"

मी पुष्कळ मास्तर बघितले आहेत. उत्तर येत नसलं की ते खडू शोधतात, घड्याळ बघतात किंवा पोराला खाली बसवतात. हे साहेब व्हरांड्याच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "वर कळवतो. तोवर मॅडम तुमच्याकडेच."

कागद आला, मॅडम पुढील आदेशापर्यंत याच शाळेत. सृष्टीचे वडील तिला न्यायला आले होते, ते एकटेच परत गेले. जाताना फाटकावरच्या फ्लेक्सखाली उभे राहून त्यांनी फोटो काढला. गावाला वाटलं, आपण जिंकलो. मला तसं वाटलं नाही. पुढील आदेश हा शब्दच असा आहे की तो वाटेत असतो.

आणि तो आला. परवा, वर्तुळाच्या उजळणीचा तास चालू असताना. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. मॅडमनी माझं टोक फळ्यात रोवलं होतं, अर्धा गोल झाला होता, आणि दारात लालासाहेब सर कागद घेऊन उभे राहिले. कागदात काय आहे हे त्यांच्या मानेवरून सगळ्या वर्गाला कळलं. सृष्टीनं पेन खाली ठेवलं.

"सर, गोल पुरा हूं द्या," धुळा म्हणाला.

सर थांबले. मॅडमचा अंगठा माझ्यावर होता. तो सुटला नाही. टोकाला टोक मिळालं.

"मॅडम, तुम्हाला आज कार्यमुक्त करायला सांगितलंय," सर म्हणाले. "तसा आदेश मी काढायचाय."

मग ते तिथंच उभे राहिले. कागदाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. खिशातला मोबाईल वाजायला लागला. वर्गासमोरच त्यांनी तो उचलला.

"होय साहेब, मिळालं पत्र. नाही, काढता येत नाही. आदेश टाईप करायला क्लार्क लागतो, आणि ते पद रिक्त आहे. जावक करायला शिपाई लागतो, तेही रिक्त. मी काढला असता साहेब, पण आत्ता माझा आठवीवर इंग्रजीचा तास आहे. मधल्या सुट्टीत घंटा मलाच द्यायची असते. त्यानंतर पोषण आहाराची माहिती भरायचीय. आपण क्लार्क आणि शिपाई दिलेत की पहिलं काम हेच करतो."

पलीकडून मोठ्यानं काहीतरी ऐकू आलं. सरांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"होय, वरून आलंय हे खरं. पण या वेळी खालूनही आलंय."

त्यांनी फोन खिशात टाकला. "मॅडम, उजळणी चालू ठेवा," म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. त्या दिवशी घंटा त्यांनी जरा जास्तच वेळ बडवली.

उद्या काय होईल मला माहीत नाही. कदाचित साहेबांना आदेश टाईप करायला दुसरा कुणी सापडेल. कदाचित लालासाहेब सरांनाच कारणे दाखवा नोटीस येईल. ती आली तरी टाईप केलेलं उत्तर पाठवायला त्यांच्याकडे क्लार्क नाहीच. आणि ही पोरं परीक्षा देऊन गेली तरी नववीचा वर्ग तयार बसलाय. मतीनला त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय, फ्लेक्सला किती दिवस लागतात.

तुम्ही कुणी कागदावर सह्या करणारे असाल, तर तुम्हाला एकच सांगणं. कधीतरी आमच्या वर्गात या. निर्लेखित झालेला कंपास आणि जास्तीच्या ठरलेल्या मॅडम तुम्हाला गोल काढून दाखवतील. माझं टोक फळ्यात आहे आणि मॅडमचा अंगठा माझ्यावर आहे. कार्यमुक्त करायचं असेल तर करा, पण टोकाला टोक मिळेपर्यंत दारात थांबावं लागेल.